पोगेनडॉर्फची तार आणि होडीची मोटर

नेसरी म्हटले की प्रतापराव गुजर आणि १६७४ साल आठवते. आम्ही मात्र तिथे थांबलो ते मोटारसायकल 'मिसिंग' मारू लागली म्हणून. रेस हळूहळू वाढवली की एका ठरावीक जागी इंजिन गुदमरायचे आणि पुढे गेले की पुन्हा सुरळीत चालायचे.

गॅरेजवाल्यांनी इंजिनाच्या हवेच्या झडपेशेजारचा काळा डबा दाखवला. त्यातून तीन तारा निघत होत्या. "सर, ह्यो सेन्सर गेलाय बघा. बदलूया." शेजारी त्यांचा बारावी सायन्सचा पुतण्या उभा होता. त्याला आम्ही पोटेन्शिओमीटर म्हणजे काय ते विचारले. त्याने तत्त्व, आकृती, सूत्र सगळे धडाधड सांगितले. "मग या डब्यात काय आहे?" यावर तो गप्प. दोष त्याचा नव्हता. प्रयोगशाळेतली लाकडी पाटीवरची तार आणि हा डबा एकाच कुळातले आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

या कुळाचा मूळ पुरुष बर्लिनचा योहान पोगेनडॉर्फ. 'अनालेन डेर फिजिक' या नियतकालिकाचा तो १८२४ पासून १८७७ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, संपादक होता. ओहमचा नियम १८२७ साली प्रसिद्ध झाला होता, पण घटाचा विद्युतदाब मोजायचा कसा ही अडचण शिल्लक होती. मोजायला उपकरण जोडले की घटातून धारा वाहू लागते, घटाच्या अंतर्गत रोधामुळे दाब थोडा घटतो. त्या काळच्या अनेक घटांत ध्रुवीकरणामुळे तो आणखी ढासळे. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजायची राशी बदलायची! १८४१ मध्ये पोगेनडॉर्फने तोड काढली ती अशी, की अज्ञात दाबासमोर दुसरा, हवा तसा कमीजास्त करता येणारा दाब उभा करायचा आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. काटा शून्यावर म्हणजे घटातून धारा नाही, आणि धारा नाही म्हणजे मोजमापात खोट नाही. एकसारख्या तारेवर सरकता संपर्क ठेवला की दाबांचे गुणोत्तर म्हणजे लांबींचे गुणोत्तर.

पुढे ही सरळ तार गोल वळली, धातूच्या जागी कार्बनचा थर आला आणि ती रेडिओच्या आवाजाच्या बटणात जाऊन बसली. जुन्या रेडिओचे बटण फिरवताना होणारी खरखर आठवते? थर झिजला किंवा त्यावर धूळ बसली की सरकता संपर्क क्षणभर सुटतो. ती खरखर लक्षात ठेवा, आपल्याला ती लागणार आहे.

आता होडीकडे. ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ च्या सुमारास होडीच्या मागच्या बाजूला अडकवायची मोटर विकायला सुरुवात केली. त्यानंतर बरीच दशके या मोटरींचे पेट्रोल कार्ब्युरेटरमधूनच येई. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीत पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त इंधन न जळताच धुराबरोबर पाण्यात जायचे. १९९६ मध्ये अमेरिकेने नियम केला, की १९९८ च्या मॉडेलांपासून सुरुवात करून २००६ पर्यंत नव्या मोटरींतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. मग इंधन मोजून फवारणे आले, आणि त्यासाठी झडप किती उघडली आहे हे संगणकाला कळणेही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतही तोच डबा पोचला.

डब्यातल्या पट्टीच्या दोन टोकांना संगणक ५ व्होल्ट देतो. झडपेच्या दांड्यावरचा संपर्क पट्टीवर सरकतो आणि तिसरी तार त्याचा दाब कळवते. झडप बंद असताना तो साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. काही आउटबोर्ड मोटरींत सेन्सरचे स्क्रू लांबट खाचांत असतात. ते सैल करून, बंद झडपेचा दाब निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर येईपर्यंत सेन्सर किंचित फिरवायचा आणि घट्ट करायचा. स्क्रूला अशी खाच नसेल तर तिथे हात न लावलेला बरा.

मात्र दोन टोकांचे आकडे बरोबर आले म्हणजे सेन्सर चांगला, असे नव्हे. झीज होते ती मधे, जिथे झडप सर्वांत जास्त वेळ असते तिथे. होडी तर तासन्‌तास एकाच वेगाने चालते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे गावेच्या गावे मोटरबोटींनी बाहेर काढावी लागली. अशा प्रवाहात मोटर क्षणभर गुदमरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

डिजिटल मीटर बहुधा सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराची गळती त्याच्यातून निसटते. आम्ही गॅरेजवाल्यांचा जुना, काट्याचा मल्टिमीटर मागून घेतला. किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून तो जोडला आणि पुतण्याला एक्सिलरेटर अगदी सावकाश पिळायला सांगितले. काटा वर चढू लागला आणि थोड्याच अंतरावर झटकन खाली पडून पुन्हा उठला. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तीच जागा. रेडिओची खरखरच ही, फक्त डोळ्यांना दिसणारी.

शाळेतला व्होल्टमीटर वापरणार असाल तर एक सावधगिरी घ्या. समजा पट्टीचा रोध ५ किलोओहम आहे आणि व्होल्टमीटरचाही तेवढाच. संपर्क पट्टीच्या मध्यावर असताना खरा दाब अडीच व्होल्ट, पण मीटर दाखवील दोनच, कारण तो स्वतःच धारा ओढतो. पोगेनडॉर्फची तक्रार हीच होती! तेव्हा असा मीटर काट्याचा झटका पाहण्यासाठी वापरावा, आकडा वाचण्यासाठी नको. हे गणित बारावीच्या मुलांना घालून पाहा.

नव्या सेन्सरांपैकी अनेकांत आता घासणारा संपर्कच नसतो. १८७९ मध्ये एडविन हॉलला सापडलेल्या परिणामावर, चुंबकाच्या साहाय्याने, ते चालतात.

आमचा सेन्सर अर्थात बदलावाच लागला. जुना पुतण्याने मागून घेतला आणि स्क्रूड्रायव्हरने तिथेच उघडला. काळ्या पट्टीवर, एका टोकापासून थोड्या अंतरावर, नखाएवढा चकचकीत ओरखडा होता.