हमिंगचा बंदोबस्त

निर्वात नलिकांच्या, म्हणजे लोकभाषेतील व्हॉल्व्हच्या, यंत्रातून गाण्यामागे खर्जात जी अखंड गुणगुण ऐकू येते आणि जिला दुरुस्तीचे कारागीर ‘हमिंग’ म्हणतात, ती नलिकेची जन्मजात व्याधी नव्हे. ली डी फॉरेस्ट यांनी 1906 साली नलिकेत जाळी बसविली, त्यानंतर जवळजवळ दोन दशके घरगुती रेडिओचा सारा संसार बॅटऱ्यांवर चालला. तंतू तापविण्यास शिसे-आम्लाची बॅटरी, धनाग्रास उच्च दाबाच्या कोरड्या घटांची माळ, अशी तजवीज असे. आणि बॅटरीचा प्रवाह एकदिश व स्थिर असल्याने गुणगुणीस तेथे थाराच नव्हता. परंतु त्या बॅटऱ्या पुन्हा पुन्हा भरून आणण्याची यातायात आणि आम्लाने गालिचे जळण्याची धास्ती लोकांना नकोशी झाली, तेव्हा घरच्या विजेवर रेडिओ चालविण्याचे प्रयत्न सुरू झाले व त्या सोयीच्या पाठोपाठ हा उपद्रव घरात शिरला.

तंतूला उलटसुलट प्रवाह दिला की दोन अनर्थ एकदम ओढवत. बारीक तंतूचे तापमान प्रत्येक आवर्तनात दोनदा चढे व उतरे, आणि त्याबरोबर त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा लोंढाही कमीअधिक होई. शिवाय तंतू हाच ऋणाग्र असल्यामुळे त्याच्या दोन टोकांचा हेलकावणारा विद्युत्‌दाब जाळीला संदेशासारखाच भासे. दुसऱ्या दोषावर उतारा लौकर सापडला: तंतूच्या दोन टोकांमध्ये रोधक जोडून जाळीच्या परतीची वाट त्याच्या मध्यावर बांधावयाची, आणि कानाने अंदाज घेत, गुणगुण किमान होईल तेथे मध्याचा सरकता काटा ठेवावयाचा. परंतु दुप्पट आवर्तनांचा जो पहिला दोष, तो या युक्तीला दाद देईना.

खरा उपाय, माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना, तापविण्याचे काम आणि इलेक्ट्रॉन सोडण्याचे काम यांची फारकत करण्यात होता. निकेलची बारीक नळी घ्यावी, तिच्यावर बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप द्यावा, आणि आत विद्युत्‌रोधक आवरणातील टंग्स्टनची तार ठेवावी. तारेत प्रवाह कितीही हेलकावो, नळीचा विद्युत्‌दाब सर्वत्र सारखा राहतो आणि तिच्या वस्तुमानामुळे तापमानही ढळत नाही. किल्ली फिरविल्यावर आवाज येण्यास जो अर्धा मिनिट वाट पाहावी लागे, तो या नळीचा तापण्याचा अवधी होय.

पिट्सबर्गच्या फ्रेडरिक मॅक्‌कलो यांनी अशी नलिका बनविली व तापक तारेची जोडणी नलिकेच्या माथ्यावर, इतर जोडण्यांपासून दूर नेली. टोरोंटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी तिचे कॅनडापुरते हक्क घेतले, तिच्यात सुधारणा केली आणि 1925 साली, वयाच्या पंचविशीत, बॅटरीवाचून चालणारा रेडिओ बाजारात आणला. टोरोंटोची वीज त्या काळी 25 आवर्तनांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. कारण आवर्तने जितकी मंद, तितका तंतूस निवण्यास अवधी अधिक व गाळणीचे काम बिकट. 1927 मध्ये अमेरिकेत 226 आणि 227 या नलिका आल्या. पहिलीचा तंतू जाड व अवघ्या दीड व्होल्टाचा होता, पण संदेश उकलण्याच्या नाजूक जागी तीही पुरेना. तेथे अप्रत्यक्ष तापणारी 227 बसवावी लागली.

धनाग्राच्या पुरवठ्यातील तरंग निवारण्याचे काम कंडेन्सर व चोक यांनी केले. त्यातही एक खुबी पाहण्याजोगी आहे. जुन्या ध्वनिक्षेपकात चुंबकाचे वेटोळे हेच चोक म्हणून वापरीत, आणि त्यातून जी गुणगुण ध्वनीच्या वेटोळ्यात उतरे, ती मारण्यासाठी चुंबकाजवळच मोजक्या फेऱ्यांचे एक उलटे वेटोळे जोडीत.

तापक तार आणि नळी यांच्यामधील रोधकातून अल्पशी गळती मात्र राहिलीच. म्हणून तापकाच्या दोन तारा एकमेकींवर पीळ देऊन जाळीच्या जोडण्यांपासून दूर, सांगाड्याच्या कोपऱ्यातून नेण्याची आणि तापकाचा मध्यबिंदू ऋणाग्राहून काही व्होल्ट धन ठेवण्याची वहिवाट पडली. तसे केल्याने तापकातून सुटणारे इलेक्ट्रॉन नळीकडे वळत नाहीत. पुढे ईएफ 86 या नलिकेत तापक तारच दुपदरी व मळसूत्री केली, की एका पदराचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याने छेदावे. आणि टेपरेकॉर्डर व मायक्रोफोन यांच्या पहिल्या पायरीवर, जेथे मूळ संदेशच काही मिलिव्होल्टांचा असतो, तेथे हीच नलिका पसंत केली जाई.