अर्ज, विश्वस्त आणि हिशेब : प्रस्तावना

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडावे असे मला वाटते, ते बहुधा स्वतःला अनुदान मागण्याच्या या विषयाचे विद्यार्थी समजत नसतील. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह, पाळणाघर चालवणाऱ्या महिला मंडळाच्या चिटणीस, भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत अभ्यासिका सुरू केलेली दोन-तीन पोरे. एखाद्या बैठकीत कोणीतरी म्हणते, "अमुक ट्रस्ट मदत करतो म्हणे, अर्ज टाकून बघा." मग ज्याचे अक्षर बरे किंवा ज्याच्या घरी लॅपटॉप, त्याच्या गळ्यात ते काम पडते. त्या रात्री कोरा कागद समोर घेऊन बसलेला माणूस कायदा, हिशेब, इतिहास आणि समाजशास्त्र या चारही विषयांत एकदम शिरलेला असतो. तसे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. त्याचे या क्षेत्रात मनापासून स्वागत.

नव्याने येणाऱ्याला पहिला अडसर येतो तो संकोचाचा. आपण हात पसरतो आहोत असे वाटू लागले की भाषा एक तर लाचार होते, नाही तर भारदस्त. 'आपण थोर दानशूर असून' अशी सुरुवात करणारी पत्रे आणि 'सर्वसमावेशक शाश्वत सक्षमीकरण' असल्या शब्दांनी फुगलेले प्रस्ताव दिसायला वेगळे, पण दोन्हींच्या मुळाशी भीती एकच. वस्तुस्थिती निराळी आहे. ट्रस्टमधला पैसा विश्वस्तांचा नसतो. ज्याने तो ठेवला तो पुष्कळदा हयातही नसतो. ठरलेल्या हेतूसाठी, ठरलेल्या रीतीने तो खर्च करायचा आणि धर्मादाय आयुक्त व आयकर खाते या दोघांनाही जाब द्यायचा, हे विश्वस्तांचे बंधन. योग्य ठिकाणी पैसा गेला नाही तर अडचण त्यांचीही होते. म्हणून चांगला अर्ज हा विश्वस्तांच्या उद्याच्या हिशेबाचा कच्चा खर्डा असतो. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाच्या आधारावर उभी आहेत, आणि ते चुकीचे आहे असे कोणी साधार दाखवले तर मला आनंदच होईल.

आपल्याकडे या व्यवहाराची मुळे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ती आटवत का होईना चालू ठेवली, आणि १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे त्यातला पैसा वळवला. १८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, या दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात मोठे वादळ उठले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली, आणि जोतीराव फुले यांच्या शाळांनाही या निधीतून साहाय्य मिळाले. जो पैसा जन्माच्या आणि परंपरेच्या बळावर मिळत होता, तो कामाच्या बळावर मागता येतो, ही कल्पना तिथे पहिल्यांदा कागदावर आली. म्हणून १८४९ चा तो अर्ज मी आपल्या क्षेत्राचा आद्य दस्तऐवज मानतो.

दुसरा प्रवाह लोकवर्गणीचा. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने घराघरांतून मूठ-मूठ धान्य जमवून वसतिगृहे चालवली. आज अनेक ट्रस्टांच्या फॉर्मवर 'संस्थेचा स्वतःचा वाटा किती?' असा रकाना असतो, त्याचे नाते याच परंपरेशी जोडता येते. त्यात शून्य लिहिणाऱ्यांनी निदान श्रमदानाचे दिवस मोजून लिहावेत.

तिसरा प्रवाह मोठ्या ठेवींचा. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. देणगीबरोबर अट येते, हे आपल्या संस्थांनी तेव्हाच शिकून घेतले. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. या दुसऱ्या ट्रस्टने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय काढले, तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. म्हणजे अनुदान कसे मागावे हे जिथे शिकवतात ती संस्थाच एका ट्रस्टच्या पैशावर उभी राहिली! मृत दात्याच्या इच्छेत अडकून पडलेल्या निधीवर उपाय म्हणून अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या वकील-बँकरने १९१४ मध्ये वेगळी रचना काढली. अनेक दात्यांचा निधी एकत्र ठेवायचा आणि शहराची गरज बदलेल तसा एका समितीने तो वाटायचा. मुंबईत अशा धर्तीचा बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ मध्ये सुरू झाला. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रस्ट मात्र अजून जुन्या घडणीचेच आहेत. ट्रस्ट डीडमध्ये 'विद्यार्थ्यांस पुस्तके व वैद्यकीय मदत' असे लिहिले असेल, तर तुमच्या बंधाऱ्याचे काम कितीही मोलाचे असले तरी विश्वस्त हतबल असतात. नकाराचे हे एक मोठे कारण. अर्जदार तो नकार मनाला लावून घेतात. डीडमधला हेतू आधी विचारून घेतला असता तर पोस्टाचा खर्चही वाचला असता.

आता कायद्याकडे वळतो. हे प्रकरण रुक्ष असेल असे समजून वाचक ते ओलांडतात, आणि नेमके तिथेच अर्ज अडकतात. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही येते. धर्मादाय कार्यालयात तिचे परिशिष्ट एक असते, बोलीत 'शेड्युल वन'. संस्थेचे नाव, पत्ता, मिळकत आणि विश्वस्तांची नावे त्यात असतात. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. प्रत्यक्षात काय होते? निवडणूक होते, पेढे वाटले जातात, बदल अर्ज राहून जातो. किंवा दिला जातो, पण मंजुरी रखडते आणि तोवर पुढची निवडणूक येते. मग ट्रस्टला पाठवलेल्या अर्जावर सही आजच्या अध्यक्षांची आणि सोबतच्या उताऱ्यात सात नावे, त्यांतली तीन दिवंगत. ट्रस्टच्या व्यवस्थापकाला संस्थेविषयी कितीही आपुलकी असली तरी या कागदावर चेक काढता येत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो, अर्जाचा पहिला परिच्छेद लिहिण्याआधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा आणि त्यात किती माणसे जिवंत आहेत ते मोजा.

आयकराचेही तसेच. १२ए (संस्थेची करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराची करसवलत) हे शब्द संस्थांच्या बोलीत इतके रुजले आहेत की १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले तरी ते तोंडातून जाणार नाहीत. ट्रस्टला करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग हेतूवर खर्ची पडावा लागतो. म्हणून जानेवारी ते मार्च या काळात काही ट्रस्टांना खर्चाची घाई असते. पण २०२३ पासून एक मेख आहे. एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला लाख रुपये दिले तर त्यांतले पंच्याऐंशी हजारच खर्च म्हणून धरले जातात, आणि ते कायमनिधीसाठी दिले असतील तर काहीच धरले जात नाही. हे ठाऊक नसलेली संस्था 'आमच्या कायमनिधीस भरघोस देणगी द्यावी' असे लिहिते आणि समोरचा सनदी लेखापाल तो कागद बाजूला सारतो. परदेशी देणगीचा भाग तर त्याविषयीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला देताच येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना आपल्या गावच्या छोट्या संस्थेला मदत करायची असली की वाट अडते ती इथे.

हे सारे प्रत्यक्षात कसे दिसते? समजा, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली 'ड' वर्गात असलेल्या एका वाचनालयाला अभ्यासिका काढायची आहे. शासकीय अनुदान पगार आणि ग्रंथखरेदीत संपते, म्हणून जिल्ह्यातल्या एका ट्रस्टकडे अर्ज. अंदाजपत्रकात लिहिले आहे : टेबले, खुर्च्या, वायरिंग, दिवे, इन्व्हर्टर, किरकोळ. एकूण बरोबर एक लाख. सराईत विश्वस्ताची बोट ठेवण्याची जागा ठरलेली असते, 'किरकोळ' आणि 'बरोबर'. खरा खर्च गोल आकड्यात क्वचितच बसतो. वाहतूक आणि हमाली कुठे आहे? जीएसटी धरला का? सोबत तीन दुकानांची कोटेशने जोडली आहेत, पण तिन्हींचा टाइप एकच, मापांचा क्रम एकच आणि 'ट्रान्सपोर्ट'चे चुकलेले स्पेलिंगही एकच. असा कागद फाइलला लावण्यापेक्षा एकच खरे कोटेशन लावून 'गावात दुसरे दुकान नाही' असे लिहिणे केव्हाही बरे. आणि मग तो प्रश्न येतो, जो कुठल्याच छापील फॉर्मवर नसतो : रात्री दहाला कुलूप कोण लावणार? ज्या अर्जात याचे उत्तर असते, एखाद्या माणसाच्या नावानिशी, त्याचे पारडे जड होते. ती अभ्यासिका कोणीतरी मनात एकदा चालवून पाहिली आहे, हे त्या एका ओळीतून कळते.

दोष सगळा अर्जदारांच्या पदरात टाकण्याचा माझा विचार नाही. वीस हजारांच्या मदतीसाठी वीस पानांचा फॉर्म मागणारे ट्रस्ट आहेत. नकार कळवायचाच नाही, अशी पद्धत असलेले तर पुष्कळच. 'योग्य वेळी कळवू' या उत्तरावर एखादी संस्था वर्षभर थांबते आणि तोवर दुसरे दार ठोठावत नाही. विनियोग प्रमाणपत्र वेळेवर न आल्याबद्दल संस्थेला काळ्या यादीत टाकणाऱ्यांनी दुसरा हप्ता आपण कधी पाठवला तेही पाहावे. सगळ्यात मोठी त्रुटी याहून खोल आहे. नोंदणी, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट आणि बँक खाते या चाळणीतून जे जाऊ शकतात, तेच मुळात अर्ज करतात. नुसत्या बचतगटाच्या वहीवर काम करणाऱ्या बायका, ज्यांच्या वस्तीला पत्ताच नाही असे गट, हे ट्रस्टच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत. काही जण मोठ्या संस्थेच्या छत्राखाली पैसा घेतात. ती वाट उपयोगी आहे, पण छत्र धरणाऱ्याचे ऐकावे लागते. या प्रश्नाला पुस्तकात एक अख्खे प्रकरण दिले आहे, आणि ते सर्वांत कच्चे राहिले आहे.

संशोधकांसाठी इथे भरपूर रान मोकळे आहे. आपल्या संस्थांचे इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून लिहिले गेले, त्यामुळे मिळालेल्या देणग्यांची यादी सापडते आणि नाकारलेले अर्ज गायब असतात. खरे तर एखाद्या जिल्ह्याला कधी काय हवे होते, याचा पुरावा त्या नाकारलेल्या कागदांतच जास्त सापडेल. जुन्या ट्रस्टांच्या कपाटांत असे गठ्ठे अजून असतील. ते रद्दीत जाण्याआधी कोणी पीएच.डी.चा विषय म्हणून घेतले, तर त्याला हवी ती मदत करीन.

प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. इतिहासाची पहिली दोन प्रवासात वाचण्याजोगी आहेत. तिसरे परिशिष्ट एक आणि बदल अर्जाचे, ते कागद समोर ठेवून वाचावे. अंदाजपत्रकाच्या पाचव्यात गणिते आहेत, ती सोडवून पाहावीत. शेवटच्या तारखेला आठच दिवस उरले असतील, तर ही प्रस्तावना मिटून थेट तिसरे उघडा आणि पाचवे संध्याकाळी घ्या.