दोन मुलुखांची तसबीर

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मग्राम म्हणून साऱ्या मराठी मुलखास ठाऊक आहे. परंतु 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या या कसब्यातील, आणि एकूणच मोगलाईतील, म्हणजे निजामी मुलखातील, जुन्या घरांच्या देव्हाऱ्यावर नजर टाकली, तर तेथे पिढ्यानपिढ्या टांगलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींचा इतिहास मात्र फारसा कोणी विचारलेला नाही. काठापदराचे लुगडे नेसलेली, चार हातांची, कमळावर उभी असलेली ती लक्ष्मी येथील माउलींना आपल्याच वाड्यातील एखादी प्रौढ सुवासिनी वाटावी इतकी ओळखीची झाली आहे. आणि तिचे रूप ज्याच्या कुंचल्यातून उतरले तो चित्रकार जन्माने मराठी नव्हता, त्याची मातृभाषा मल्याळम होती, ही गोष्ट त्या ओळखीच्या आड पार लोपून गेली आहे.

राजा रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूरच्या जहागीरदार घराण्यात झाला. हे घराणे मातृवंशीय परंपरेचे; आई उमा अंबाबाई स्वतः काव्यरचना करणाऱ्या; घरात संस्कृत पुराणकथा आणि कथकलीचे वातावरण. तेथील कुलीन स्त्रीचा वेष म्हणजे सुवर्णकाठाचे शुभ्र मुंडू, आणि तिची शोभा वस्त्राच्या रंगापेक्षा घनदाट केशभारात व मोजक्या अलंकारांत अधिक. केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या ज्या चित्राने रविवर्मांना 1873 मध्ये मद्रासला गव्हर्नरचे सुवर्णपदक आणि व्हिएन्नाच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळवून दिले, त्यात हे पहिले घर संपूर्ण उतरले आहे. तैलरंगांची विद्या त्यांनी त्रावणकोरच्या दरबारात, बरीचशी पाहून आणि पुष्कळशी स्वतः धडपडून, हस्तगत केली. त्या विद्येचे मार्ग पाश्चात्य होते, पण ज्या डोळ्यांनी ते जग पाहत होते ते डोळे मल्याळीच होते.

दुसरे घर त्यांना मराठी राज्यकर्त्यांच्या आश्रयाने मिळाले. पूर्वी त्रावणकोरची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव पुढे बडोद्याचे दिवाण झाले आणि त्यांच्या ओळखीने रविवर्मा सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी पोहोचले. बडोद्यासाठी काढलेल्या चौदा पौराणिक चित्रांच्या निमित्ताने सर्व हिंदुस्थानास आपले वाटेल असे वस्त्र कोणते, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, कारण दमयंती वा शकुंतला हिला मुंडू नेसवावे तर उत्तरेकडील प्रेक्षकास ती परकी वाटणार, आणि उत्तरेचा घागरा द्यावा तर दक्षिणेच्या मनास तो रुचणार नाही. बंधू राजा राजवर्मा यांच्यासह त्यांनी देशभर प्रवास केला, आणि अखेर त्यांची नजर साडीवर, विशेषतः मराठी स्त्रीच्या लुगड्याच्या ठेवणीवर, स्थिरावली. त्या काळी किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'पासून सुरू झालेल्या संगीत नाटकाचा बहर महाराष्ट्रात होता. पदराचा झोक, निऱ्यांची घडण, उभे राहण्याची ती किंचित रंगभूमीवरची ढब त्यांच्या नायिकांच्या अंगी जी आढळते, तिचे मूळ या नाटकांत शोधावे असे मला वाटते. मुखाकृती व केशकलाप किळिमानूरचा, वस्त्र दख्खनचे, अशी ही घडण आहे; आणि ती इतकी एकजीव झाली आहे की, सांधा कोठे आहे हे सांगण्यास तज्ज्ञाचीच नजर हवी.

ही चित्रे राजवाड्यांतच राहती, तर गंगाखेडचा त्यांच्याशी संबंध आला नसता. 1884 मध्येच माधवरावांनी पत्राने सुचविले होते की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवाव्यात. रविवर्मांनी दहा वर्षांनी त्याहून धाडसाचा मार्ग पत्करला; त्यांनी मुंबईत गिरगावला छापखानाच घातला, आणि 1894 मध्ये तेथून पहिले चित्र निघाले ते शकुंतलाजन्माचे: मेनका तान्हे मूल पुढे करीत आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवून उभा आहे. शिळाछाप पद्धतीत प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे. एका कागदावर एकामागून एक रंग तंतोतंत जुळवून उठवावे लागत. शेवटी तैलचित्राची झाक यावी म्हणून वर वार्निशाचा हात फिरे. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने 1878 पासून देवादिकांच्या व मराठी मुत्सद्द्यांच्या चित्रांनी बाजार तयार करून ठेवला होता, हे विसरता कामा नये; पण रविवर्मांच्या चित्रांतील गोलाई आणि उजेड त्या बाजारास नवा होता. प्लेगाने मुंबई हवालदिल झाली तेव्हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. कर्जाचा बोजा मात्र हलेना. विसाव्या शतकाच्या आरंभीच छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. पुढे श्लायखरच तो चालवीत राहिला, आणि ज्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट घडविला त्या दादासाहेब फाळक्यांनी छपाईच्या कामातले धडे याच छापखान्यात गिरविले.

जत्रांतील दुकाने, फेरीवाले आणि गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत जाणारी रेल्वे यांच्या आधारे या प्रती मोगलाईच्या आडगावांतही पोहोचल्या. घरोघरच्या स्त्रियांनी त्यांस हळदकुंकू वाहिले, आणि कित्येक ठिकाणी देवीच्या लुगड्यावर जरीची कापडे व टिकल्या चिकटवून तसबीर काचेत बसविली, म्हणजे चित्रकाराने रंगविलेल्या मराठी वस्त्रावर प्रत्यक्ष वस्त्र चढविले. ही हौस कलेच्या मर्मज्ञांना खटकली, आणि पुढे बंगालच्या नव्या चित्रपंथाच्या पाठीराख्यांनी तर ही चित्रे नाटकी व परकीय तंत्राने बाटलेली म्हणून झिडकारली. त्यांच्या आक्षेपातील नाटकीपणाचा भाग मला मान्य आहे. तथापि, ज्या समाजात कित्येकांना देवळाची पायरी चढणे निषिद्ध होते, तेथे काही आण्यांत देवीचे सगुण रूप भिंतीवर येऊन बसणे हे केवळ रसिकतेच्या मापाने मोजण्याजोगे नाही. ज्या गंगाखेडात जन्मलेल्या जनीने पंढरपुरी नामदेवांच्या घरी दासीपण करीत दळणकांडणात विठ्ठलास सोबतीला बोलावले, त्या गावास देवाचे घरी येणे नवीन वाटण्याचे कारण नव्हते.

रविवर्मा 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरला वारले. पुढे त्यांच्या पहिल्या घरात, त्रावणकोरमध्ये, 12 नोव्हेंबर 1936 रोजी ज्या महाराजांनी जाहीरनामा काढून सरकारी देवळे सर्व हिंदूंना खुली केली, ते श्रीचित्रा तिरुनाल रविवर्मांच्या नातीचे चिरंजीव होते. आणि त्यांच्या दुसऱ्या घरात, महाराष्ट्रात, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणास बसावे लागले. रविवर्मांच्या छापखान्यातील लक्ष्मी तोवर निदान चाळीस वर्षे, कोणाची जात न विचारता, घरोघरी नांदत होती.