राजाश्रयापासून हक्कापर्यंत : शिष्यवृत्तीची वाटचाल

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की शाळेत पालकांची ये-जा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला चांगले गुण मिळालेले असतात आणि घरात आनंद असतो. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न येतो, “सर, पुढचा खर्च कसा झेपायचा?” शिष्यवृत्तीचे नाव काढले तर काही पालक संकोचाने म्हणतात, “कुणापुढे हात कशाला पसरायचा?” आणि काही निराशेने म्हणतात, “आपल्याला कोण देतंय?” या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असे इतिहास सांगतो. म्हणून या लेखात शिष्यवृत्तीची वाटचाल थोडक्यात पाहू आणि शेवटी आपल्या जिल्ह्यातील परिस्थितीकडे वळू.

शिष्यवृत्तीची सुरुवात राजाश्रयातून झाली. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने हुशार विद्यार्थ्यांना परदेशी पाठविले. १८९५ साली निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलेल्या सरोजिनी चट्टोपाध्याय म्हणजेच पुढच्या सरोजिनी नायडू. त्यांचे वडील हैदराबाद शहरातील नामवंत शिक्षणतज्ज्ञ होते. खेड्यातल्या कुळाच्या मुलाला मात्र अशा मदतीची वार्ताही कळणे कठीण होते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले व उर्दूतून उच्च शिक्षणाची सोय झाली. १९२३ साली औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. तरीही ज्याच्या घरी शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च झेपत होता, त्यालाच ही वाट मोकळी होती.

याच काळातील दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यातील एक बारकावा आपण विसरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कॉलेजात शिकत असताना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. महाराजांपर्यंत त्यांची शिफारस नेली ती कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी. पुढे १९१३ साली अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी बडोदे सरकारने दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. त्यासाठी बाबासाहेबांना करारपत्रावर सही करावी लागली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची, ही त्यातील अट होती. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. बुद्धिमान विद्यार्थ्यालाही वाट दाखविणारा कोणीतरी लागतो, आणि मदतीबरोबर अटी व कागद येतातच. बाबासाहेबांनी सही करण्यात कमीपणा मानला नाही, मग आपण अर्ज भरण्यात का मानावा?

राजाची मर्जी एका विद्यार्थ्याला वर आणू शकते, पण समाज वर येण्यास संस्था लागतात. हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन दिले. १९०६ साली तेथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंगची सोय झाली. गरीब विद्यार्थ्याची खरी अडचण फीइतकीच राहण्या-जेवण्याची असते, हे त्यांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. तेथे मुले श्रम करून शिकली. उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी १८९२ सालीच परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने मदत देणारा निधी उभारला होता. शिकून कमवावे, कर्ज फेडावे आणि त्यातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावी, ही त्यामागची कल्पना.

यानंतरचा टप्पा शासनाचा. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली व स्वातंत्र्यानंतर ती वाढत गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. याच सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी ‘ई.बी.सी.’ सवलत आली. वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातील मुलांची फी माफ होऊ लागली. जात वा धर्म न पाहता केवळ उत्पन्न पाहणारी ही सवलत खेड्यापाड्यांतील हजारो घरांना उपयोगी पडली. येथे राजाची मर्जी संपली आणि नियम आला. नियमात बसणाऱ्याला मदत मागताना मिंधेपण वाटण्याचे कारण उरले नाही.

आपल्या समाजापुरते पाहता २००६ साल महत्त्वाचे आहे. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल त्या वर्षी आला आणि मुस्लिमांच्या शैक्षणिक मागासलेपणाचे चित्र आकड्यांनिशी देशापुढे मांडले गेले. २००७ साली केंद्र शासनाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. पुढे या योजनांत काटछाट झाली. २०२२ साली पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबली व संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिपही बंद करण्यात आली. यातून शिकावयाचे ते हे की, मोठ्या भावाला मिळाली ती शिष्यवृत्ती धाकट्या बहिणीला मिळेलच असे गृहीत धरू नये. दरवर्षी नव्याने चौकशी करावी.

राज्य शासनाच्या बाबतीत जुन्या ई.बी.सी. सवलतीचे आजचे रूप म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक व इतर मागासवर्गातील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुस्लिम समाजातील अनेक व्यावसायिक जाती इतर मागासवर्गात मोडतात. परंतु त्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबांच्या शाळेतील जुनी उर्दू नोंद जपून ठेवावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. अर्जाची धावपळ नेमकी या दिवसांत येते. माझ्या वर्गातील एका हुशार मुलीची हकीकत सांगतो. कॉलेजात प्रवेश मिळाला, अर्ज भरायला ती बसली, तेव्हा आई-वडील कारखान्यावर होते. उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा निघाला. आधार कार्डावर ‘शेख’ आधी होते, तर गुणपत्रिकेवर शेवटी. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नव्हते. हे सारे दुरुस्त होईपर्यंत मुदत संपली आणि त्या वर्षाची फी वडिलांनी मुकादमाकडून उचल वाढवून भरली. म्हणजे मुलीच्या फीसाठी आई-वडिलांना फडात अधिक राबावे लागले. ती मुलगी माझ्याच वर्गातली. मी वेळीच तिला बसवून कागद तपासले असते तर हे टळले असते, ही खंत मला आजही आहे.

म्हणून पालकांनी कोयता उचलण्यापूर्वी, म्हणजे निकाल लागताच पावसाळ्यातच, तहसीलचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार व बँक पासबुक यांवर नाव एकसारखे आहे ना, हे पाहावे. खाते विद्यार्थ्याच्या नावावर व आधारशी जोडलेले असावे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच प्रवेश घ्यावा. संस्थेच्या कोट्यातून घेतल्यास बहुतेक सवलती हातच्या जातात. अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरून कॉलेजच्या लिपिकाकडे तो पुढे गेला की नाही, हे विचारीत राहावे. अर्ज परत आला तर त्रुटी दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवावा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, सरोजिनींच्या काळात राजाची मर्जी लागत होती. आज नियम आहे, फक्त तो माहीत असावा लागतो. जो विद्यार्थी आज शिष्यवृत्तीवर शिकेल, त्याने उद्या आपल्या गल्लीतील दोन मुलांचे अर्ज भरून द्यावेत. आपणा शिक्षकांवरही केळुसकर गुरुजींचा वारसा चालविण्याची जबाबदारी आहे. आपल्या गावातील एकही मूल केवळ एका दाखल्यावाचून कॉलेजबाहेर राहू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी घेतली तरी पुष्कळ काम होईल.