तीनशे पंधरा बोअर

* तीनशे पंधरा बोअर : नळीचा व्यास 0.315 इंच, म्हणजे 8 मि.मी. थ्री-नॉट-थ्री हे लष्करी काडतूस सामान्य परवानाधारकाला मिळत नसे. म्हणून वऱ्हाडात ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल चालली. तिची सुमारे 16 ग्रॅमची, मऊ शिशाच्या टोकाची गोळी वेगाने बेताची पण जड. रोही, सांबरासारख्या दांडग्या जनावराला पुरेशी, काळविटाला जास्तच. उलट छऱ्याच्या बंदुकीने लांबून मारलेले जनावर जखमी होऊन पऱ्हाटीत तडफडत मरे. म्हणून छऱ्याच्या बंदुकीवरचा राग रास्तच आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीवर कडक बंधने आली. आज काळवीट कारंजा-सोहोळ अभयारण्यात पाहावे. रोह्यांनी पीक तुडवले, तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा. — संपादक