कापणारें पातें आणि कापणारा दोरा

मोटारीचा रंग बदलावयाचा तर ती रंगाऱ्याकडे नेऊन कित्येक दिवस तेथेंच सोडावी लागे. आज तें काम पुष्कळदां रंगावांचूनच होतें. व्हिनिल नांवाच्या प्लॅस्टिकचा एक अत्यंत पातळ पडदा, पाठीवर चिकट लेप असलेला, गाडीच्या सर्वांगावर ताणून बसवितात. आणि तो इतका बेमालूम बसतो कीं, जवळ जाऊन पाहिल्याखेरीज रंग कोणता व आवरण कोणतें हें ओळखूं येत नाहीं. या कामाला सर्वत्र 'रॅपिंग' हेंच इंग्रजी नांव रूढ झालें आहे. ताणणें, शेकणें, दाबून बसविणें या क्रिया पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. परंतु या धंद्याची खरी कसोटी त्यांत नाहीं. ती कापण्यांत आहे.

दाराच्या कडेला, दिव्याभोंवतीं, मुठीच्या खालीं जास्तीचा पडदा कापून काढावाच लागतो, आणि तोहि बहुधा गाडीवर बसविल्यानंतरच. शिंपी कापड मेजावर पसरून बेततो. मेजावर चरा उमटला तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. येथें मेज म्हणजे गाडीचा मूळ रंग. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. पडद्याची जाडी साधारणतः 90 मायक्रॉन असते. त्याखालीं कारखान्यांत दिलेला रंग बहुधा 100 ते 150 मायक्रॉनचा, आणि त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक थर तर 40-50 मायक्रॉनचाच. म्हणजे हात केसभर अधिक दाबला गेला कीं पातें रंगांत उतरलें. वर आवरण असल्यामुळें ती जखम मालकाला दिसत नाहीं. आंत ओल शिरते, पत्र्याला गंज धरतो, आणि दोन-चार वर्षांनीं आवरण सोलून काढलें म्हणजे दाराच्या कडेनें एक तांबूस रेघ दृष्टीस पडते. तोंपर्यंत कापणारा कोण होता हेंहि कोणाच्या स्मरणांत उरलेलें नसतें.

व्हिनिलचा जन्म मोटारीसाठीं झालेला नाहीं. अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं, बी. एफ. गुडरिच या रबराच्या कंपनींत, वाल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ 1926 सालीं रबर धातूला घट्ट चिकटविणारें द्रव्य शोधीत होते. तें साधलें नाहीं. हातीं आलें तें मऊ, लवचिक व्हिनिल. पुढें त्याच व्हिनिलच्या पाठीला लेप लावून तें धातूला चिकटवूं लागले, ही गंमतच म्हणावयाची.

आवरणाचें महत्त्व नीट कळण्यास जर्मनींतील टॅक्सींचें उदाहरण फार चांगलें आहे. तेथें 1971 पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. कांहीं वर्षें वापरून अशी गाडी विकावयास काढली, कीं त्या रंगामुळें तिला गिऱ्हाईक मिळणें कठीण. 1990 नंतरच्या दशकांत मालकांना युक्ति सांपडली. गाडी काळी किंवा रुपेरी घ्यावी, तिजवर हस्तिदंती आवरण चढवावें, आणि विकतेवेळीं तें सोलून टाकावें. आंतील रंग नव्यासारखा निघावा एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप. ज्या रंगाच्या रक्षणासाठीं आवरण घातलें, त्याच रंगावर पात्याचा ओरखडा निघाला तर व्यवहारच फसला!

खालच्या वस्तूला न दुखवितां वरची कापावी कशी, या प्रश्नाचें अर्धें उत्तर मोटारींच्या दुनियेबाहेर, जपानांतील एका छापखान्यांत सांपडलें. त्याआधीं अमेरिकेंत किंग कॅम्प जिलेट यांनीं पात्याला धार लावीत बसण्याऐवजीं तें फेकून द्यावें ही कल्पना रूढ केली होती. 1903 सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, त्यांचे अवघे 51 वस्तरे व 168 पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं वस्तऱ्यांचा आंकडा 90,000 वर गेला. हीं पातीं दाढीपुरतीं राहिलीं नाहींत. जेथें कागद कापावयाचा तेथें तीं पोहोंचलीं. परंतु त्यांना ना मूठ, ना पाठ. कापणाऱ्याचें बोट व कागद या दोहोंना तीं सारखींच लागत. शिवाय टोंकांची धार गेली कीं मधली चांगली धार तशीच वायां जाई.

ओसाकाच्या छापखान्यांत काम करणाऱ्या योशिओ ओकाडा यांना ही नासाडी पाहवेना. त्यांच्या मनांत दोन जुन्या आठवणी होत्या. एक, जोडे शिवणारे कारागीर कांचेच्या तुकड्यानें तळवा तासतात, आणि तो बोथटला कीं कांच फोडून नवी धार काढतात. दुसरी, युद्धानंतर जपानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांजवळच्या चॉकोलेटची. त्या वडीवर खांचा असत व खांचेवर ती नेमकी मोडे. ओकाडा यांनीं या दोन्ही गोष्टी एकत्र आणून 1956 सालीं लांब पात्यावर तिरप्या खांचा पाडल्या. टोंक बोथट झालें कीं खांचेवर मोडावें, पातें मुठींतून पुढें सारावें, कीं नवी धार हजर. खांचांचा 59 अंशांचा कोन आणि पात्याची 9 व 18 मिलिमीटर रुंदी हींच पुढें जगभर प्रमाण होऊन बसलीं. जपानी भाषेंत 'ओरु' म्हणजे मोडणें व 'हा' म्हणजे पातें. त्यावरून 'ओल्फा' हें नांव निघालें. 'ह' कांहीं देशांत उच्चारीत नाहींत म्हणून तेथें 'फ' घेतला. मूठ पिवळी केली ती हत्यारांच्या गर्दींत चटकन् नजरेस पडावी म्हणून.

ज्याला आपल्याकडे नुसतें 'कटर' म्हणतात तें हेंच हत्यार. 'रेडियम'ची पाटी लावलेल्या दुकानांतून गाड्यांवरचे आंकडे व अक्षरें कापणाऱ्यांच्या हातींहि तेंच असतें. (त्या चकाकणाऱ्या व्हिनिलचा रेडियम धातूशीं कांहीं एक संबंध नाहीं!) बोथट पातें धारदार पात्याहून अधिक घातक, हें अनुभवी कारागीर प्रथम शिकवितो. बोथट पात्यावर हात अधिक दाबावा लागतो, आणि दाबलेला हात एक तर बोटावर घसरतो, नाहीं तर रंगांत शिरतो. टोंक मोडावयास पैशाचाहि विचार करावा लागत नाहीं, म्हणून तें वेळींच मोडलें जातें. ओकाडा यांच्या युक्तीचा मोठा लाभ हाच आहे. रॅपिंगवाले बहुधा 9 मिलिमीटरचें, 30 अंशांच्या निमुळत्या टोंकाचें पातें घेतात. पुष्कळांची पसंती गंज न धरणाऱ्या पोलादाला असते. तें लवकर बोथटतें खरें, पण रंगाला व कांचेला कमी ओरखडतें.

तरीहि पातें वरून खालीं, रंगाच्या दिशेनेंच चालतें. ती दिशाच उलटवावी, हें उत्तराचें उरलेलें अर्ध. कुंभार चाकावरचें मडकें सुरीनें कापीत नाहीं. दोरा ओढून तें खालून सोडवितो. या शतकांत कॅनडांत निघालेल्या कापणाऱ्या फितीचें तत्त्व याहून फार दूर नाहीं. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या चिकट फितींत एक बारीक, चिवट तंतु असतो. जेथें कापावयाचें तेथें प्रथम ही फीत रंगावर चिकटवितात. तिजवर व्हिनिल बसवून घट्ट दाबतात. नंतर तंतूचें टोंक मोकळें करून तें मागें दुमडून ओढतात. तंतु व्हिनिलला खालून वर चिरीत जातो आणि रंगाला लोखंड शिवतच नाहीं. मग जास्तीचा पडदा उचलावयाचा, खालची फीत काढून घ्यावयाची व कड पुन्हां दाबावयाची.

ही रीति सोयीची असली तरी आळशाची नव्हे. पात्यानें कोठें कापावें हें व्हिनिल बसविल्यावर ठरवितां येतें. दोऱ्याची रेघ आधींच नक्की करावी लागते, आणि ती वांकडी गेली तर चीरहि वांकडीच जाते. म्हणून दोन पत्र्यांमधल्या फटीशीं, जेथें पात्याला धरून चालावयास कड मिळते, तेथें कारागीर अजून पातेंच चालवितो. मात्र टोंक फटीकडे, रंगाकडे नव्हे. मोडलेलें टोंक तो चिमट्यानें धरून मोडतो आणि झांकणाच्या डब्यांत टाकतो. कारण जमिनीवर पडलेला तो तुकडा पुढें व्हिनिलच्या चिकट पाठीला लागतो, आणि तेथून थेट गाडीवर जातो.