तुलनात्मक शिक्षण

तुलनात्मक शिक्षण : निरनिराळ्या देशांतील शिक्षणपद्धतींचा परस्परांच्या संदर्भात अभ्यास करणारी ज्ञानशाखा. विद्यापीठांत ती शिक्षणशास्त्र विभागात शिकवली जाते; तिची साधने मात्र इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मानवशास्त्र यांतून येतात (पहा : शिक्षणाचे समाजशास्त्र).

फ्रान्सच्या मार्क-आंत्वान ज्युलियन यांनी 1817 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेली पुस्तिका हा या शाखेचा आरंभ मानतात. देशोदेशींच्या शाळांविषयी एकच प्रश्नावली पाठवावी आणि उत्तरे तक्त्यांत मांडून पडताळावीत, अशी त्या पुस्तिकेतील योजना होती. इंग्लंडच्या मायकल सॅडलर यांनी 1900 मध्ये या शाखेला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते, परक्या बागांतून कुठले फूल, कुठली पाने तोडून आपल्या मातीत खोचल्याने झाड जगत नाही. शाळेबाहेरचा समाज समजल्याशिवाय शाळा उमगत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आजही या विषयाचा कणा आहे. आयझॅक कँडेल यांचा या विषयावरील ग्रंथ 1933 मध्ये निघाला. अमेरिकेतील या विषयाच्या अभ्यासकांची संस्था 1956 मध्ये स्थापन झाली.

सन 2000 पासून पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीमुळे संख्यात्मक तुलनेचा प्रभाव वाढला (पहा : शैक्षणिक मूल्यमापन). अशा चाचण्यांच्या क्रमवारीतून भाषा, गरिबी, घरचे वातावरण ही कारणे दिसत नाहीत; ती जाणण्यासाठी वर्गात बसून केलेले निरीक्षण लागते.

भारतातील शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगात (1964–66) इतर देशांच्या शिक्षणपद्धतींचा अनुभव असलेले, म्हणजे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया व जपान येथील तज्ज्ञ सदस्य होते (पहा : कोठारी आयोग).